मतं उजवी, काम पडद्यामागचं

प्रश्न : नाट्यशास्त्राचं शिक्षण संपवून मुंबईत सहायक दिग्दर्शक म्हणून काम शोधतोय. उजव्या विचारांचा आहे आणि फेसबुकवर तसं उघड लिहितो. हॉलिवूडमध्ये अशा लोकांना गप्प राहावं लागतं म्हणे. जुन्या पोस्ट काढू का? – एक वाचक, परभणी

उत्तर : तिथली धास्ती खरी आहे. राजकीय मतांवरून मालकाने नोकरावर दबाव आणू नये, असा कायदा हॉलिवूडच्या कॅलिफोर्निया राज्यात १९१५ पासून आहे. तरीही ‘फ्रेंड्स ऑफ एब’ हा उजव्या कलावंतांचा गट सदस्यांची नावं गुप्तच ठेवायचा. आपल्याकडे विनोद खन्ना, परेश रावल भाजपचे खासदार होते आणि सिनेमेही करत होते. पण नावाजलेल्या नटाला जे खपतं, ते नवख्या सहायकाला खपेलच असं नाही. तुमचं काम फोनवर ठरतं. “पोरगा कसा आहे?” एवढं विचारतात, आणि नाही घेतलं तर कारण कुणी सांगत नाही.

म्हणून मताच्या पोस्ट खुशाल राहू द्या. फेसबुकचा अ‍ॅक्टिव्हिटी लॉग (तुमच्या जुन्या पोस्टची नोंद) उघडून शिवीगाळ, जातीधर्मावरचे टोमणे, नटांवर किंवा वाहिन्यांवर केलेली चिखलफेक आणि खात्री न करता पुढे ढकललेल्या अफवा तेवढ्या काढा. काम अडतं ते बहुतेक यांच्यामुळे. युनिटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कॉलशीटपलीकडे (शूटिंगच्या वेळापत्रकापलीकडे) काही टाकू नका. सेटवरचा फोटो राजकीय पोस्टला जोडू नका. करारात गोपनीयतेचं कलम असतं. आपल्या मराठवाड्यात हॉटेलात बसून मोठ्यानं राजकारण बोलायची सवय असते. सेटवर जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला तर आपलं मत एका वाक्यात सांगा आणि थांबा. सुट्टी संपली की त्याच लाइटमनकडून शॉट लावून घ्यायचा असतो.

प्रश्न : विधानसभेचा उमेदवार आमच्याच विचारांचा आहे. प्रचाराची फिल्म करून दे, पैसे निकालानंतर म्हणतो. करू का? – एक वाचक, गेवराई

उत्तर : करा, पण उधार नको. निम्मे पैसे शूटिंगआधी, उरलेले अंतिम फाइल देण्याआधी घ्या; तोवर वॉटरमार्कवालीच (चित्रावर खूण उमटवलेली) प्रत दाखवा. बिल उमेदवाराच्या नावानं करा. निकालापासून ३० दिवसांत त्याला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, त्यानंतर तुमचं बिल कुणी हातात घेणार नाही. फिल्म टीव्हीवर किंवा सोशल मीडियावर जाहिरात म्हणून चालवायची असेल तर आधी निवडणूक यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी उमेदवाराचा अर्ज जाहिरात सुरू होण्याच्या किमान ३ दिवस आधी गेला पाहिजे. मंजुरीनंतर एक ओळ बदलली तरी प्रमाणपत्र नव्यानं घ्या.