पालिकेला ठाऊक होतं, हे कसं दाखवायचं?

बाजारातून येताना फुटपाथवरचा सुटलेला पेव्हर ब्लॉक पायाखाली उलटला. पडले, उजवं मनगट मोडलं. वॉर्ड ऑफिसात गेले तर ‘बघून चालायचं ना’ असं ऐकवलं. महापालिकेवर दावा करता येईल का?
(एक वाचक, ठाणे जिल्हा)

येईल. मात्र तुम्ही पडलात, हाड मोडलं, एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. ब्लॉक सुटल्याचं पालिकेला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, दुरुस्तीला वेळही होता आणि तरी ती केली नाही, हे दाखवावं लागतं. असे दावे बहुतेक इथेच अडकतात.

दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. दिल्लीत चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं दगावली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १९६६मध्ये पालिकेला जबाबदार धरलं. मनोरा ८० वर्षांचा, तशा बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं, आणि नीट तपासणी झाल्याचा पुरावा नाही. उलट राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एकाचा जीव गेला, पण १९९७मध्ये भरपाई नाकारली गेली. झाड धोकादायक झाल्याचं पालिकेला ठाऊक होतं, हे सिद्ध झालं नव्हतं. दुसऱ्या निकालातला हा निकष मला कठोर वाटतो. झाडांची, फुटपाथांची पाहणी करणं नागरिकाच्या हातात नाही, पालिकेच्या आहे. पण कोर्टात जायचं तर हा निकाल गृहीत धरूनच तयारी करायला हवी.

म्हणून त्या जागेचा इतिहास गोळा करा. माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून विचारा: या फुटपाथबद्दल गेल्या वर्षभरात कोणत्या तक्रारी आल्या, शेवटची पाहणी कधी झाली, काम कोणत्या कंत्राटदाराचं, दुरुस्तीची हमी कधीपर्यंत? उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. शेजारच्या दुकानदारानं आधी तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक सोन्यासारखा जपा. जागेचे फोटो जवळून काढा. ब्लॉकखालची वाळू वाहून गेलेली, फटीत शेवाळ आणि गवत उगवलेलं, हे चार दिवसांत होत नाही. ते फोटोत दिसलं की ‘आम्हाला कळलंच नाही’ हा बचाव लंगडा पडतो.

दवाखान्याचा केसपेपर आजच वाचा. घाईत ‘घरी पडल्या’ असं लिहिलेलं असेल तर समोरचा वकील तेवढंच वाक्य धरून बसेल. लगेच डॉक्टरांना भेटून सांगा.

आणि ‘बघून चालायचं’चं उत्तर असं, की तुमचीही थोडी चूक ठरली तरी साधारणपणे त्या प्रमाणात भरपाई कमी होते, दावा बुडत नाही.

वडिलांचा पाय रात्री उघड्या मॅनहोलमध्ये गेला, मांडीचं हाड मोडलं. आठ महिने उपचारांतच गेले. आता उशीर झाला का?

दिवाणी दाव्यासाठी बहुधा झाला. मुंबईसाठी १८८८च्या कायद्याचं कलम ५२७ आणि राज्यातल्या इतर महापालिकांसाठी १९४९च्या कायद्याचं कलम ४८७ अशा दाव्यांना लागतं. आधी लेखी नोटीस, मग एक महिना थांबायचं, आणि दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. प्लॅस्टर उतरण्याची वाट पाहणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं आणि ते पाहून फार वाईट वाटतं. (जागा राज्य सरकारची असेल, म्हणजे तहसील कार्यालयाचा जिना वगैरे, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०ची दोन महिन्यांची नोटीस लागते.)

पण तुमच्यासाठी दुसरा रस्ता आहे. खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५मध्ये दिला. भरपाई ठरवायला समित्या नेमायला सांगितलं. तिथे कागदपत्रांसह अर्ज करा, आणि अपघाताची तारीख सांगून वकिलाचा सल्लाही घ्या.

रेल्वे स्टेशनवर घसरून पडलो तर रेल्वे भरपाई देते का?

कुठे पडलात यावर सगळं अवलंबून. गाडीतून पडलात किंवा चढता-उतरताना पडलात तर रेल्वे कायद्याचं कलम १२४-अ लागतं. तिथे रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे वर्षभरात अर्ज करा. ओल्या फलाटावर किंवा जिन्यावर घसरलात तर मात्र निष्काळजीपणा सिद्ध करणं आलंच. प्रवासाचं तिकीट असेल तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येतं, म्हणून तिकीट टाकून देऊ नका.

मोबाइलवरचे फोटो कोर्टात चालतात का? वकिलाचा खर्च परवडत नाही, त्याचं काय?

चालतात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या प्रतीवर विसंबू नका. खर्चाचं म्हणाल तर महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नमर्यादेत. अर्ज तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडेही करता येतो.