पऱ्हाट्या का कुजत नाहीत?

प्रश्न : खतखड्ड्यात कडब्याची चिपाडे लवकर कुजतात, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली खोडे) मात्र तशाच निघतात. त्या गोबरगॅससाठी किंवा इथेनॉलसाठी वापरता येतील का?
– एक शेतकरी वाचक, ता. माजलगाव, जि. बीड

उत्तर : अडचण आहे ती लिग्निनची. पेशीभित्तिकेत सेल्युलोजच्या (शर्करेच्या लांब साखळ्यांच्या) तंतूंभोवती भरलेला हा पदार्थ खोडाला ताठपणा देतो आणि जिवाणूंना आतल्या शर्करेपर्यंत पोहोचू देत नाही. पऱ्हाटीत त्याचे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास जाते, कडब्यात ते बरेच कमी असते; परंतु प्रमाणापेक्षा त्याचे बंध कोणत्या प्रकारचे आहेत, हे अधिक महत्त्वाचे आहे.

ज्वारी, ऊस, गहू या गवतवर्गीय पिकांत लिग्निनचा काही भाग फेरुलिक आम्लाच्या एस्टर बंधांनी बांधलेला असतो आणि हे बंध अल्कलीने साध्या तापमानालाही सुटतात. १०० किलो वाळल्या वैरणीला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडतात व ती तीन आठवडे हवाबंद झाकतात, तेव्हा सुटणारा अमोनिया, तोही अल्कलीच असल्याने, हेच काम करतो. पऱ्हाटीचे खोड लाकडासारखे आहे; त्यातील ईथर आणि कार्बन-कार्बन बंध इतक्या स्वस्तात तुटत नाहीत. इथेनॉलसाठी आम्ल आणि दीडशे अंशांपलीकडचे तापमान वापरावे, तर लिग्निनचे सुटलेले तुकडे एकमेकांना पुन्हा अधिक घट्ट चिकटतात, त्यामुळे हा उद्योग गावपातळीवर परवडणारा नाही.

गोबरगॅसचा विचार तर सोडूनच द्यावा. लिग्निन फोडणाऱ्या बुरशींना प्राणवायू लागतो आणि गॅसच्या टाकीत तो नसतो. बांधावरच्या जुन्या पऱ्हाटीवर पावसाळ्यात पांढरी बुरशी चढते, त्यानंतर काडी चुरली तर पांढुरके मऊ धागे सुटतात. तेच काम खतात करून घ्यायचे असेल, तर पऱ्हाट्या बारीक करून, शेणकाला घालून, ओल राखून ढीग अधूनमधून उलथावा. बारीक तुकड्यांवर धिंगरी अळिंबीही (खाण्याचे मशरूम) घेता येते आणि उरलेला भुसा खतात जातो.

आमच्या मते पऱ्हाटीचा सर्वांत सरळ उपयोग ब्रिकेट (भुसा दाबून केलेले जळणाचे ठोकळे) हाच आहे. लिग्निन जळताना मिळणारी उष्णता सेल्युलोजपेक्षा जास्त असते. शिवाय दाबाखाली तापले की ते मऊ होते, थंड झाल्यावर भुसा घट्ट धरते, आणि वेगळा चिकटपदार्थ लागत नाही. मात्र पऱ्हाट्या वाळक्या बोंडांसकट बांधावर रचून ठेवू नयेत. गुलाबी बोंडअळी त्यांतच सुप्तावस्थेत राहते, म्हणून वेचणी संपताच त्या श्रेडरने बारीक करून मगच साठवाव्यात.