कॅनडातलं अणुवीज केंद्र आणि पुढे नियामकाची नोकरी : राजीनाम्याआधी काय हातात हवं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मेकॅनिकल इंजिनिअर, वय ३४, ५४० मेगावॉटच्या संचावर नऊ वर्षं, त्यातली चार कंट्रोल रूममध्ये परवान्यासह. कॅनडात जायचंय. आधी वीज केंद्रात काम, पुढे तिथल्या सरकारी नियामक संस्थेत. राजीनामा कधी द्यायचा?

घाई करू नका. बरीचशी कागदपत्रं नोकरीत असतानाच मिळतात. बाहेर पडल्यावर तीच मागायला गेलात तर महिनोन् महिने उत्तर येत नाही.

आधी एक मोठा गैरसमज दूर करतो. आपल्याकडे कंट्रोल रूम इंजिनिअर चालवतात : पदवी, परवान्याच्या पायऱ्या, मग शिफ्ट चार्ज इंजिनिअर. ऑन्टारिओत, म्हणजे कॅनडाची बहुतेक अणुवीज केंद्रं असलेल्या प्रांतात, ही वाट वेगळी आहे. तिथे पॅनेलवर ऑथराइज्ड न्यूक्लिअर ऑपरेटर असतो. तो बहुधा फील्ड ऑपरेटर म्हणून लागून वर आलेला असतो आणि पॉवर वर्कर्स युनियनचा सभासद असतो. इंजिनिअरांची संघटना दुसरी, सोसायटी ऑफ युनायटेड प्रोफेशनल्स, आणि त्यांचं काम सिस्टिम इंजिनिअरिंग, डिझाइन, सेफ्टी अॅनालिसिस, तपासणीचं नियोजन असं. तुमचा एईआरबीचा (आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना तिथे चालत नाही, कारण तिथलं प्रमाणपत्र विशिष्ट पदासाठी आणि विशिष्ट केंद्रापुरतंच असतं. म्हणून रेझ्युमेत ‘कंट्रोल इंजिनिअर’ एवढंच लिहून थांबू नका. कोणती सिस्टिम तुमच्याकडे होती, शटडाउनमध्ये कोणती कामं तुम्ही आखली, कोणता बिघाड मुळापर्यंत शोधला, ते लिहा.

शब्दही बदलावे लागतात. राजस्थानातल्या रावतभाट्याचा पहिला संच डग्लस पॉइंट या कॅनडातल्या जुन्या अणुवीज केंद्राच्या धर्तीवर कॅनडाच्या मदतीने उभा राहिला. डग्लस पॉइंटची जागा आज ब्रूस केंद्राच्या आवारातच आहे. १९७४च्या अणुचाचणीनंतर सहकार्य तुटलं आणि दोन्हीकडच्या भाषा वेगळ्या होत गेल्या. आपण ज्याला ईएमसीसीआर म्हणतो, म्हणजे अणुभट्टीतले इंधन आणि थंड करणारं पाणी वाहणारे सगळे कूलंट चॅनेल एकत्र बदलणं, त्याला तिकडे ‘रीट्यूब’ म्हणतात. ब्रूससारख्या केंद्रांच्या नूतनीकरणात हाच अनुभव लागतो. तो असेल तर पहिल्या पानावर, त्यांच्या शब्दांत लिहा. तुमच्या संचात ३९२ चॅनेल, ऑन्टारिओतल्या डार्लिंग्टन केंद्राच्या संचात ४८०. इंधनाचा बंडल दोन्हीकडे ३७ कांड्यांचा. रॉड आणि गॅडोलिनियम नायट्रेटचं द्रावण या अणुभट्टी तातडीने बंद करणाऱ्या दोन शटडाउन सिस्टिमही ओळखीच्याच वाटतील. कंटेनमेंट, म्हणजे किरणोत्सार बाहेर जाऊ न देणारी व्यवस्था, मात्र नव्याने वाचा : तिथे अनेक संचांना मिळून अपघातात सुटलेली वाफ ओढून घेणारी एक व्हॅक्युम बिल्डिंग असते.

मुलाखतीत प्रेशर ट्यूबच्या, म्हणजे चॅनेलमधल्या इंधन धरणाऱ्या नळीच्या, वार्धक्यावर प्रश्न येणार असं धरूनच चला. नळी आतून सुमारे ३०० अंशांवर, बाहेरची कॅलँड्रिया ट्यूब भोवतीच्या मॉडरेटरमुळे (न्यूट्रॉनचा वेग कमी करणाऱ्या जड पाण्यामुळे) सत्तरएक अंशांवर, आणि दोघींना दूर ठेवणाऱ्या बारीक गार्टर स्प्रिंग. स्प्रिंग जागची सरकली तर गरम नळी वाकून थंड नळीला टेकते. टेकलेल्या जागी थंड डाग पडतो, धातूतला हायड्रोजन आणि ड्युटेरियम (जड हायड्रोजन) तिकडे ओढला जातो, ठिसूळ हायड्राइडचा फोड धरतो आणि तिथून चीर जाते. ऑगस्ट १९८३मध्ये पिकरिंगच्या दुसऱ्या संचातली नळी अशीच फुटली. हे उलगडून सांगता यायला हवं. पण उदाहरण द्याल ते प्रसिद्ध झालेलं द्या. आपल्या संचाच्या तपासणीचे आकडे मुलाखतीत काढू नका, लॅपटॉपवर तर मुळीच नेऊ नका. ऑफिशियल सीक्रेट्स अॅक्ट नोकरी सुटली तरी सुटत नाही.

आता कागद. एक्स्प्रेस एंट्रीला, म्हणजे कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठीच्या गुणांवर चालणाऱ्या अर्जपद्धतीला, अनुभवाचं पत्र लेटरहेडवर लागतं आणि त्यात कामाचं स्वरूप, तारखा, आठवड्याचे तास, पगार हे सगळं लागतं. आपली खाती सेवेचा दाखला देतात, कामाचं स्वरूप देत नाहीत. अर्ज अडकतो तो इथेच. तसं पत्र मिळालंच नाही तर नेमणूक आणि बढतीचे आदेश, पगाराच्या स्लिपा, वरिष्ठांचं प्रतिज्ञापत्र आणि पत्र का मिळालं नाही याचा खुलासा, असा गठ्ठा जोडावा लागतो.

दुसरा कागद किरणोत्साराच्या डोसचा. वर्षवार नोंद घ्या; टीएलडीचा (अंगावरच्या डोस मोजणाऱ्या बॅजचा) आणि ट्रिटियमचा (शरीरात गेलेल्या किरणोत्सारी हायड्रोजनचा) आकडा वेगवेगळा मागा. कॅनडात मर्यादा एका वर्षात ५० आणि पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) आहे, त्यामुळे आधीचा डोस विचारतात.

एक्स्प्रेस एंट्रीतले वयाचे गुण पाहून ठेवा. जोडीदार नसेल तर ३४व्या वर्षी ८३, ३९व्या वर्षी ५५, ४५व्या वर्षी शून्य. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण २५ मार्च २०२५पासून बंद झाले. त्यामुळे ऑफरची वाट पाहत बसण्यापेक्षा आधी कायम वास्तव्य, मग नोकरी, हाच क्रम मला शहाणपणाचा वाटतो. इंग्रजीचा निकाल दोन वर्षं चालतो, पदवीचं मूल्यांकन पाच. म्हणून मूल्यांकन आधी उरका. बाँड शिल्लक असेल तर तो आणि व्हिजिलन्स क्लिअरन्स यांचा वेळ वेगळा धरा.

‘इंजिनिअर’ ही उपाधी तिथे कायद्याने राखीव आहे. ऑन्टारिओत परवान्याला ४८ महिन्यांचा अनुभव लागतो. त्यातला काही कॅनडातलाच हवा ही अट मे २०२३मध्ये गेली. परवाना येईपर्यंत परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करता येतं.

अमेरिकेचंही विचारलंत. तिथल्या निर्यात नियमांत भारत सर्वसाधारण परवानगीच्या यादीत नाही. ग्रीन कार्ड नसलेल्या भारतीयाला डिझाइन कंपनीत अणुतंत्रज्ञान हाताळायचं तर ऊर्जा खात्याची खास मंजुरी लागते, आणि नियामक आयोगात नोकरीला नागरिकत्वच. तुमच्या बेतासाठी कॅनडा सोपा.

शेवटी नियामक. कॅनेडियन न्यूक्लिअर सेफ्टी कमिशन २०००मध्ये आलं, मुख्यालय ओटावात. वीज केंद्रांवर त्यांचे निरीक्षक कायम बसतात. तीन-चार वर्षं केंद्रात काढून तिकडे अर्ज केलात तर तुमचं पारडं जड होईल. फ्रेंच आतापासूनच सुरू करा. संघराज्य सरकारच्या पद्धतीत ‘रिलायबिलिटी’ या पार्श्वभूमीच्या तपासणीला मागच्या पाच वर्षांची माहिती लागते आणि ‘सिक्रेट’ या वरच्या पातळीला दहा वर्षांची, म्हणजे तुमचे भारतातले दिवसही त्यात येणार. मध्ये एकही महिना मोकळा चालत नाही. म्हणून आजच एक वही करा : कॉलनीतल्या प्रत्येक क्वार्टरचा नंबर, ताबा घेतल्याची आणि सोडल्याची तारीख, आणि ओळख पटवू शकतील अशा दोन वरिष्ठांचे खासगी ईमेल. सरकारी ईमेल निवृत्तीनंतर बंद होतात.