केबल भिंतीत घाला, डबे आत्ता नकोत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घराचं काम चालू आहे, भिंतींना झिऱ्या मारलेल्या आहेत. सगळी यंत्रं एका कपाटात ठेवून चार खोल्यांतल्या टीव्हींना नेटवर्क केबलमधून एचडी चित्र पोहोचवायचं कोटेशन आलंय, ते घरच्या तीन महिन्यांच्या खर्चाएवढं आहे. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम जेमतेम दोन महिने पुरेल. म्हणून गृहकर्जावर १५ वर्षांचं टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घ्यावं का?

कर्ज घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कोटेशनही सगळं फेकून देऊ नका.

तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात पाइप, केबल आणि मजुरी मिळून रकमेचा साधारण पाचवा भाग आहे, म्हणजे घरचा १८ दिवसांचा खर्च. उरलेले चार भाग डब्यांचे: कुठल्या यंत्राचं चित्र कुठल्या टीव्हीवर जाईल हे ठरवणारा मधला मॅट्रिक्स स्विच आणि केबलमधून आलेलं चित्र टीव्हीला देणारा, प्रत्येक टीव्हीमागचा रिसीव्हर. ‘आत्ता नाही केलं तर परत भिंत फोडावी लागेल’ हे कंत्राटदाराचं म्हणणं पहिल्या भागापुरतं अगदी खरं आहे. डब्यांना भिंतीशी काही देणंघेणं नाही, ते कधीही आणून जोडता येतात.

शिवाय डबे फार लवकर जुने होतात. नेटवर्क केबलमधून चित्र नेणारं एचडीबेस-टी हे तंत्र २०१० साली आलं तेव्हा सेकंदाला १०.२ गिगाबिट पुष्कळ वाटायचे. एचडीएमआय म्हणजे यंत्र टीव्हीला जोडायची नेहमीची पद्धत; तिच्या २०१३ च्या २.० आवृत्तीने ती मर्यादा १८ वर नेली आणि २०१७ च्या २.१ ने ४८ वर. आता ९ टक्के दर धरून हिशेब करा. १५ वर्षांत १०० चे जवळपास १८३ फेडावे लागतात. डबा भंगारात गेल्यावरही त्याचा हप्ता चालूच राहील.

मुळात तुम्हाला ही यंत्रणा लागते का, हेही बघू. डब्यातून टीव्हीकडे जाणारं १०८० पी, म्हणजे फुल एचडी, चित्र उलगडलेलं असतं, म्हणून त्याला सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिट लागतात. तोच सिनेमा इंटरनेटवरून दाबलेल्या रूपात येतो तेव्हा पाचेक मेगाबिटमध्ये भागतं, फोर-के असला तरी १५ ते २५ मध्ये. तुमच्या घरी बहुतेक सगळं स्ट्रीमिंगवरच पाहतात, असं तुम्हीच लिहिलंय. मग कपाटात चित्र उलगडून खोलीत पाठवण्यासाठी एवढे पैसे कशाला? टीव्ही स्वतःच ते उलगडतो. त्याला साधी नेटवर्क केबल आणि एक गिगाबिटचा साधा स्विच पुरेसा आहे. मुलाचा गेम कन्सोल त्याच्याच टीव्हीखाली राहू द्या. एकच सेट-टॉप बॉक्स किंवा डिस्क प्लेअर चारही खोल्यांत पाहायचा असता, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

तेव्हा पाइप आणि केबल आत्ता करा, नूतनीकरणासाठी काढलेल्या पैशांतूनच. दिव्यांचा किंवा फर्निचरचा एखादा खर्च पुढे ढकलला तर १८ दिवसांची रक्कम निघेल. प्रत्येक टीव्हीमागे कॅट ६ए या प्रकारच्या दोन नेटवर्क केबल घ्या: एक नेटवर्कची, दुसरी पुढेमागे चित्रासाठी. एचडीबेस-टीचा सिग्नल साध्या नेटवर्क स्विचमधून जात नाही, त्याला कपाटापासून टीव्हीपर्यंत स्वतंत्र, अखंड केबल लागते. पाइप ऐसपैस घ्या आणि पुढे नवी केबल ओढता यावी म्हणून आत एक ओढदोरी सोडून ठेवा. माझ्या एका अशिलाने महागडी एचडीएमआय केबल पाइपाशिवाय थेट गिलाव्यात पुरली होती. टीव्ही बदलल्यावर ती कमी पडली आणि रंगवलेली भिंत पुन्हा फोडावी लागली. ते बिल मी पाहिलंय, म्हणून आग्रहाने सांगतोय.

डब्यांचा विचार आपत्कालीन निधी सहा महिन्यांवर गेला की करू. टॉप-अपचा जो हप्ता भरणार होतात, तोच दरमहा त्या निधीत टाका.

केबल आली की तिचं टोक कापून तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत पाठवा. गिलावा चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढा, आणि सगळ्या केबल टेस्टर लावून तपासून दिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.