वजनाचे हातमोजे: कोणाला, कधी, किती?

वाचकांचे प्रश्न, उपचारतज्ज्ञांची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एका वस्तूची चौकशी पुन्हा पुन्हा झाली आहे, ती म्हणजे वजनाचे हातमोजे. बोटे उघडी राहतील असा हा मोजा असतो, त्याच्या पाठीवरच्या कप्प्यांत लोखंडाची भुकटी किंवा वाळू भरलेली असते आणि मनगटाशी तो वेल्क्रोच्या पट्टीने आवळला जातो. एका मोज्याचे वजन साधारणपणे पाव किलोपासून एक किलोपर्यंत असते. किनारपट्टीवरून आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न: माझ्या यजमानांचे वय ५८ आहे. ते मच्छीमारी नौकेवर तांडेल होते. सात महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता ते काठी घेऊन चालतात. उजवा हात अर्धवट वर जातो, मात्र बोटांची मूठ वळलेली असते आणि ती आपोआप उघडत नाही. मुंबईच्या पुतण्याने अर्ध्या किलोचे हातमोजे पाठवले. ते घालून हे रोज सकाळ-संध्याकाळ हात उचलतात. काही दिवसांपासून खांदा दुखू लागला आहे आणि मूठ पूर्वीपेक्षा घट्ट वळते असे मला वाटते. हे म्हणतात, दुखल्याशिवाय ताकद येत नाही. मोजे चालू ठेवावेत का?
(एक भगिनी, वेंगुर्ले)

उत्तर: मोजे आजच काढून ठेवावेत. आपल्या यजमानांची जिद्द मोलाची आहे, पण ती चुकीच्या जागी खर्च होत आहे.

अर्धांगवायूमध्ये हात उचलत नाही, याचे मूळ स्नायूंत नसते. स्नायूंना हुकूम देणारा मेंदूचा भाग दुखावलेला असतो, आणि त्यामुळे हुकूम अपुरा किंवा सरमिसळ होऊन पोहोचतो. खांदा उचलण्याचा प्रयत्न केला की कोपर आपोआप वाकते आणि मूठ आवळते, हे त्या सरमिसळीचेच लक्षण आहे. वजनाच्या व्यायामाने असा ताठरपणा कायमचा वाढतो ही जुनी समजूत अलीकडच्या अभ्यासांत टिकलेली नाही, आणि योग्य टप्प्यावर वजन उपयोगीही पडते. मात्र हात उचलताना मूठ अधिकाधिक घट्ट होत असेल, तर ते वजन आजच्या कुवतीच्या पलीकडचे आहे, एवढे निश्चित समजावे.

खांद्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. खांद्याची खोबण उथळ असते आणि हाडाचा गोळा तिच्यात मुख्यतः भोवतालच्या स्नायूंच्या आधाराने टिकून राहतो. ते स्नायू दुबळे झाले की हाताच्या स्वतःच्या वजनानेच गोळा थोडा खाली सरकतो. दोन्ही खांदे उघडे ठेवून यजमानांना बसवा आणि उजव्या खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली बोट ठेवून पाहा. डाव्या बाजूला नसलेला खळगा तेथे लागला, तर सांधा सरकू लागला आहे असा संशय घ्यावा आणि तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. अशा खांद्याला पंजाच्या टोकाशी अर्धा किलो लटकवणे म्हणजे तो दिवसातून दोनदा ओढण्यासारखेच आहे.

‘फक्त अर्धा किलो’ हा शब्दप्रयोगही तपासून पाहण्यासारखा आहे. ६० किलो वजनाच्या माणसाचा एक हात सुमारे ३ किलोंचा असतो. हात समोर आडवा धरला असता तो भार खांद्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर एकवटलेला मानता येतो, तर मोजा त्याच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या आसपास असतो. हिशेब केला तर त्या अर्ध्या किलोमुळे खांद्यावरचा ताण जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. आंबे उतरवताना लांब काठीच्या झेल्यात दोनच आंबे पडले तरी ते हाताला किती जड लागतात, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

मग करायचे काय? यजमानांना टेबलाशी बसवावे. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून, निरोगी हाताच्या साहाय्याने दुखरा हात पुढे सरकवावा आणि मागे आणावा, टेबलावर पातळ कापड ठेवले तर हात सहज घसरतो. त्यानंतर काम द्यावे, आणि ते त्यांच्या ओळखीचे असावे. जाड दोर पकडणे आणि सोडणे, करवंटी उचलून दुसरीकडे ठेवणे, जाळ्याचा बोया एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत टाकणे ही कामे नुसत्या हात वर-खाली करण्यापेक्षा मेंदूला अधिक शिकवतात. पकडण्यापेक्षा सोडणे अवघड जाते, म्हणून बोटे उलगडायला वेळ द्यावा आणि ती कोणी खेचून उघडू नयेत. मनगट आधी खाली वाकवले तर बोटे आपोआप सैल पडतात, ही युक्ती लक्षात ठेवावी. आरसा मध्ये उभा ठेवून निरोगी हाताच्या प्रतिबिंबाकडे पाहत दोन्ही हातांनी हालचाल करण्याची पद्धतही उपयुक्त ठरलेली आहे, ती एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावी.

त्यांना उठवताना काखेत हात घालून किंवा उजवा हात धरून कोणीही ओढू नये. झोपताना आणि बसताना त्या हाताखाली उशी असावी. मिटलेल्या मुठीत आपल्याकडच्या दमट हवेत घाम साचून कातडी पांढरी पडते व तिला वास येतो, म्हणून तळवा रोज धुऊन पूर्ण कोरडा करावा. मूठ याहून घट्ट होत गेली, तर ताठरलेल्या स्नायूंत द्यावयाची इंजेक्शने उपलब्ध आहेत. त्याबद्दल मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलता येईल. जिल्हा रुग्णालयातील फिजिओथेरपी विभागात प्रथम दाखवावे, आणि मुंबईला जाणे होणारच असेल तर हाजी अली येथे १९५५ पासून चालू असलेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत सर्व बाजूंनी तपासणी होऊ शकते.

वजनाची वेळ कधी येईल, हेही सांगतो. खांदा कानाकडे न उचलता, कोपर न वाकवता आणि वेदनेशिवाय ते रिकामा हात छातीच्या उंचीपर्यंत लागोपाठ दहा वेळा उचलू लागले की पाव किलोचा विचार करता येईल, तोही थेरपिस्टच्या देखत. सात महिने झाले म्हणून सुधारणा थांबली, असे मानू नये. पहिल्या काही महिन्यांत ती वेगाने होते, पुढे सावकाश होते, पण सराव चालू असेल तर होत राहते. आणि दुखण्याविषयी त्यांचे जे म्हणणे आहे, ते नौकेवर खरे असेल, या खांद्याला ते लागू नाही.

प्रश्न: मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. चहाचा कप तोंडाशी नेताना आणि सही करताना हात थरथरतो, मांडीवर स्वस्थ ठेवला तर थरथरत नाही. वजनाचा मोजा घातला की कंप थांबतो असे एका स्नेह्यांनी सांगितले. यात तथ्य आहे का?
(एक वाचक, गुहागर)

उत्तर: काही अंशी आहे. हाताला वजन बांधले की त्याचे जडत्व वाढते आणि थरथरीचा झोका लहान होतो. मात्र हा परिणाम वजन अंगावर असेपर्यंतच टिकतो. त्याने कंप बरा होत नाही, आणि सर्वांना सारखा गुणही येत नाही. काहींना स्पष्ट फरक जाणवतो, तर काहींचा हात थकतो आणि थकल्यामुळे अधिकच थरथरतो.

आपण केलेले वर्णन महत्त्वाचे आहे. काम करताना येणारा आणि विश्रांतीत नाहीसा होणारा कंप हा बहुधा पार्किन्सनच्या आजारातील कंपाहून वेगळा असतो. पार्किन्सनमध्ये हात स्वस्थ असताना थरथर ठळक दिसते. तरीही निदान डॉक्टरांनीच करावे, कारण थायरॉइडचा विकार, दम्यासाठी घेतली जाणारी काही औषधे, अपुरी झोप आणि अतिरिक्त चहा यांनीही हात थरथरतो. कंपासाठी प्रोप्रॅनोलॉल हे औषध बरेचदा दिले जाते, ते दमेकऱ्यांना चालत नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नयेत.

मोजा विकत घेण्यापूर्वी घरीच पडताळा घ्यावा. पाव किलो तांदूळ जाड कापडाच्या लांबट पिशवीत शिवून ती मनगटाभोवती बांधावी. एका कागदावर पिशवीविना आणि दुसऱ्यावर पिशवी बांधून, मध्यापासून बाहेर जाणारे वर्तुळाकार वळण काढावे, आणि अर्धा भरलेला कप दोन्ही प्रकारे उचलून पाहावा. रेषा उघडपणे सुधारली तरच खर्च करावा. मोजा घेतलाच तर तो जेवताना किंवा लिहिताना तेवढाच घालावा, दिवसभर नव्हे. पुष्कळांचे काम तर मोज्याविनाच भागते: कोपर टेबलावर टेकवणे, बशीऐवजी जड बुडाचा मग वापरणे, तो अर्धाच भरणे, जाड दांड्याचा वजनदार चमचा घेणे आणि जाड पेनने लिहिणे. ओघाने एक व्यवहाराची सूचना. निवृत्तिवेतनाच्या खात्यातील नमुना सही जुनी असेल, तर ती न जुळल्यामुळे अडचण येण्यापूर्वीच बँकेत जाऊन आजच्या हाताची सही नोंदवून घ्यावी.

प्रश्न: पावसात विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरून माझे उजवे मनगट मोडले. प्लास्टर काढून दोन आठवडे झाले. बोटे आखडली आहेत, कपडा पिळता येत नाही, नारळ खोवता येत नाही. पकड परत यावी म्हणून वजनाचा मोजा वापरू का? वय ४९.
(एक गृहिणी, रत्नागिरी)

उत्तर: नको. मोज्याच्या नावात हात असला तरी तो पकडीचा व्यायाम देत नाही. वजन पंजाच्या पाठीवर बांधलेले असल्यामुळे बोटांना काहीच धरावे लागत नाही. मेहनत पडते ती मनगट, कोपर आणि खांदा यांना, आणि आपल्या मनगटाचे हाड नुकतेच सांधलेले आहे. हाड पुरेसे जुळले आहे असे एक्स-रे पाहून अस्थिरोगतज्ज्ञ सांगेपर्यंत त्या हाताला वजन देऊ नये.

क्रम असा ठेवावा की आधी हालचाल, मग पकड आणि सर्वांत शेवटी भार. कोमट पाण्यात हात बुडवून बोटे पूर्ण उघडणे व मिटणे, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावणे, मनगट वर-खाली करणे आणि कोपर अंगाशी ठेवून तळवा आकाशाकडे व जमिनीकडे फिरवणे, हे दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे करावे. पकडीसाठी मऊ स्पंज पाण्यात दाबावा. तो जमू लागला की कोरडा हातरुमाल पिळावा, नंतर ओला, आणि ओल्या टॉवेलची पाळी अखेरीस. नारळ खोवण्याची घाई करू नये. विळीवर करवंटी दाबून फिरवताना अंगाचा भार मनगटावर येतो, आणि वाकलेल्या मनगटावरचा तो दाब नुसत्या वजनापेक्षा अवघड आहे. हात सुजून चकचकीत दिसत असेल, नुसत्या स्पर्शाने आग होत असेल किंवा त्याचा रंग बदलत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न: माझे वय ६६. संधिवातामुळे बोटांचे सांधे वाकले आहेत आणि डंबेल धरवत नाही. खांदे व कोपरे ठीक आहेत. डॉक्टरांनी दंडाची ताकद वाढवायला सांगितले आहे. मोजे चालतील का?
(एक वाचक, मुरूड)

उत्तर: या चार पत्रांपैकी मोजा खरोखर ज्यांच्यासाठी आहे, त्या आपणच. ज्याला वस्तू धरता येत नाही पण हात चांगला उचलता येतो, त्याची पकडीची अडचण मोजा दूर करतो.

पाव किलोपासून प्रारंभ करावा. पाठ टेकून खुर्चीत बसावे. कोपर वाकवून पंजा खांद्याकडे नेणे आणि हात समोर छातीपर्यंत उचलणे, एवढे दोनच प्रकार आठ ते दहा वेळा, सावकाश, श्वास न रोखता करावेत. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, पुरेसे आहेत. पंधरा वेळा सहज होऊ लागले आणि तसे दोन आठवडे टिकले की मगच वजन वाढवावे. व्यायामानंतर वाढलेली वेदना दोन तासांहून अधिक राहिली, तर पुढच्या खेपेस कमी करावे. सांधे लाल, गरम व सुजलेले असतील त्या दिवसांत मोजे घालूच नयेत.

मोजा चढवताना अंगठ्याचे मूळ दुखत असेल, तर मनगटाला बांधायची वजनाची पट्टी घ्यावी, काम तेच होते. पट्टीखाली एक बोट सहज जाईल इतकीच ती आवळावी. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊ लागल्या तर मनगटातील नस दाबली जात आहे, तेव्हा लगेच सैल करावे. मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी झाली असेल, तर मुंग्या कळणार नाहीत, म्हणून काढल्यावर कातडीवर वळ उठले आहेत का ते पाहावे.

खरेदी करताना वजनाचे कप्पे सुटे होणारे निवडावेत, म्हणजे कापड धुता येते. वेष्टनावरच्या आकड्यावर न जाता दोन्ही मोजे वाण्याच्या काट्यावर तोलून पाहावेत. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाची भुकटी गंजते आणि जून ते सप्टेंबर घामाने ओले कापड आठवडाभर वाळत नाही, त्यावर बुरशी धरते. म्हणून आत पातळ सुती मोजा घालावा, तो रोज धुवावा, आणि वजनाचे मोजे समुद्राकडच्या खिडकीत न ठेवता पंख्याखाली उलटे करून टांगावेत. शिवण उसवून काळी किंवा तांबूस भुकटी हाताला लागू लागली, तर शिवत न बसता तो कप्पा बदलावा.