गिटारवर 140 च्या पुढे हात आखडतो. वेग वाढवू की लोक म्हणतात तसं ‘फील’कडे बघू?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्ष इलेक्ट्रिक वाजवताय, 120 बीपीएमला (मिनिटाला 120 ठोके) एका ठोक्यात चार सूर स्वच्छ निघतात, 140 ला सगळं विस्कटतं, आणि सोबतचे म्हणतात, ‘वेग सोड, फील आण’. हा फील शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

फील नाही म्हणणाऱ्याला एकदा विचारा, नेमकं काय नाही? सांगता येत नाही. मी सांगतो. सूर कधी सुरू करायचा हे सगळे घोटून घेतात, तो कधी संपवायचा हे कोणी घोटत नाही. भरधाव वाजवणारा त्यातच फसतो आणि डोळे मिटून संथ वाजवणाराही त्यातच फसतो. संथवाल्याचं खपून जातं, एवढंच.

पुरावा हवा तर ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’ हा अल्बम काढा. 5 डिसेंबर 1980 ची मैफल, तीन गिटारवादक: जॉन मॅक्लॉफलिन, अल डी मेओला आणि पाको दे लुसिया. पहिला तुकडा फक्त पाको आणि डी मेओलाचा आहे. हेडफोन लावा. डाव्या कानात पाको, उजव्या कानात डी मेओला. दोघंही तुफान वेगात, पण चव वेगळी, कारण सुरांची लांबी वेगळी. डी मेओला उजव्या तळव्याची कड ब्रिजपाशी, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाच्या आधारापाशी, तारांवर टेकवून पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) वाजवतो, की प्रत्येक सूर उमटतो आणि तिथेच मरतो, ताशाच्या काडीसारखा. पाको पिक वापरतच नाही. तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून चालतात, सूर पुढच्या सुराला भिडेपर्यंत जिवंत राहतो. आता यात फील कुणाचा कमी? एक कान बंद करून ऐका आणि मग दुसरा. मला दोन्ही आवडतात, आणि दोन्हीत वेग काढला तर उरतं काय?

माझे एक मामा सतार वाजवतात. पंधरा वर्षं त्यांचं एकच पालुपद, गिटारवाले नुसती तयारी दाखवतात, गात नाहीत. पण सतारीवर ‘झाला’ (वादनातला शेवटचा भरधाव भाग) सुरू झाला की मान डोलवताना त्यांना वेग चालतो. आणि गवयाच्या तानेला आपण ‘दाणेदार’ म्हणतो ते कशाला? दाणा सुटा पडतो म्हणून. म्हणजे सूर कुठे संपला ते ऐकू येतं म्हणून. मामांचं आणि माझं म्हणणं एकच आहे, त्यांना फक्त ते गिटारबद्दल मान्य करायचं नाही.

असो, तुमचा हात. एकाच तारेवर एकच सूर 160 ला, ठोक्याला चार, असा वाजवून बघा. जमलं तर तुमचा हात मंद नाही, तार बदलताना पिक अडकतंय. एका तारेवर तीन सूर घेऊन चढलात की एका तारेवर खाली-वर-खाली, पुढच्या तारेवर वर-खाली-वर. म्हणजे तार कधी खालच्या फटक्यानंतर बदलते, कधी वरच्या. पिकची चाल थोडी तिरकी असतेच, त्यामुळे एका दिशेचा फटका तारांच्या बाहेर सुटतो आणि दुसऱ्या दिशेचा दोन तारांच्या मध्ये रुततो. 120 ला हे उडी मारून निभावतं, 140 ला नाही. म्हणून आधी पेंटाटॉनिक (पाच सुरांची सरगम) घ्या, तारेवर दोन-दोन सूर, सुरुवात खालच्या फटक्याने. मग प्रत्येक वेळी तार वरच्या फटक्यानंतरच बदलेल. किल्ली उजवीकडे फिरवावी तसा उजवा हात किंचित फिरवलात की वरचा फटका मोकळा सुटतो.

एका तारेवरही जमत नसेल तर पिक बघा. 1 मिमीपेक्षा पातळ असेल तर ते वाकतं आणि उशिरा परततं. बोटांबाहेर टोक 2-3 मिमीच ठेवा.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) रोज 2-2 बीपीएमने चढवायचा सल्ला मला पटत नाही. संथ असताना चुकीची हालचालही चालून जाते आणि तीच पक्की होते. चालण्याचा सराव करून पळता येत नाही. त्यापेक्षा थेट 160 ला पाच सूर घ्या, चार एका ठोक्यात, पाचवा पुढच्या ठोक्यावर. मग दोन ठोके गप्प. दहा वेळा. ते सैल हाताने जमलं की नऊ सूर.

खरी गंमत त्या शेवटच्या सुरात आहे. तो बरोबर एक ठोका टिकला पाहिजे आणि पुढच्या ठोक्यावर बंद झाला पाहिजे. बंद करताना बोट झटकन उचललंत तर मोकळी तार वाजते, म्हणून दाब सोडा पण बोट तारेला टेकलेलंच ठेवा, वरून उजवा तळवा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि निम्म्या वेगाने ऐका. 120 ला एक सूर 125 मिलिसेकंदांचा असतो, निम्म्या वेगात तो 250 होतो आणि कुठला दाणा चेपलाय ते लगेच कळतं. बहुधा करंगळीचा असतो.

फीलवाल्यांसाठी 60 बीपीएम. दुसऱ्या तारेचा 8वा फ्रेट (गिटारच्या दांडीवरचा पडदा) दाबून तार आडवी ओढा, सूर एक पूर्ण सूर वर न्या, पहिल्या तारेच्या 5व्या फ्रेटशी ताडून बघा. दोन्ही ए आहेत. अनेकांचा हा बेंड, म्हणजे ओढ, थोडी कमी पडते, कारण एकट्या अनामिकेने ओढतात. मागे तर्जनी आणि मधलं बोट लावा, जोर मनगटाचा. सूर पोचल्याशिवाय व्हायब्रॅटो (सूर हलवणं) नको, नाहीतर बेसूरपणा झाकायला तो छान पांघरूण होतो. आणि तिसऱ्या ठोक्यावर सूर बंद. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, करून बघा.

हे सगळं क्लीन टोनवर, म्हणजे अँपच्या साध्या स्वच्छ आवाजावर; डिस्टॉर्शनच्या खरखरीत सुरांचे शेवट लपतात. बाराव्या फ्रेटवर तार 2 मिमीपेक्षा बरीच उंच असेल तर आधी सेटअप, म्हणजे गिटारची जुळणी, करून घ्या. कोपरापाशी कळ आली तर तिथेच थांबा. जॅझ किंवा फिंगरस्टाइल (नुसत्या बोटांनी वाजवणं) करणार असाल तर पिकचं अर्धं पुराण सोडून द्या.

मामा, तुम्हीही वाचताय हे मला माहीत आहे. आधी डावा कान.