‘शिस्त’ : नेम की आज्ञापालन?

धुळ्याच्या एका छात्रसैनिकाने विचारले आहे की, बंदुकीच्या तासाला उस्ताद (प्रशिक्षक) ‘शिस्त लो’ म्हणतात ती शिस्त आणि कवायतीच्या मैदानावर मागतात ती शिस्त एकच काय. आणि १९३० साली पेशावरात निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडायला नकार देणाऱ्या, इंग्रजी फौजेतल्या चंद्रसिंह गढवालींनी ‘शिस्त मोडली’ असे निबंधात लिहावे काय.

शब्द एकच आहे. फारसीतला ‘शस्त’ म्हणजे तिरंदाजाच्या अंगठ्यातले कडे, आणि त्यावरून नेम. जुन्या मराठीत शिस्त धरणे म्हणजे नेम धरणेच होते. वळण, टापटीप, नियमितपणा हे अर्थ त्यातूनच फुटले. (‘नेम’ शब्दही असाच दुपेडी आहे: नेम धरतात आणि नेमधर्मही पाळतात.) आज मराठीत पहिला अर्थ जवळजवळ पुसला गेला असला, तरी छावणीतल्या हिंदीने तो जपला आहे. अमळनेरजवळ दादर (रब्बी ज्वारी) काढलेल्या शेतात, धसकटे पोटाला टोचत असताना, मीही कधीकाळी ती शिस्त घेतली आहे: डावा डोळा मिटायचा, मागच्या खाचेत पुढच्या माशीचे (नळीच्या तोंडावरच्या नेमखुणेचे) टोक बसवायचे, श्वास रोखायचा. ‘फायर’ दुसरा कोणी म्हणतो; माशीपलीकडे काय आहे हे मात्र झाडणाऱ्यालाच दिसते.

व्युत्पत्तीवरून नीती सिद्ध होत नाही, हे मान्य. कवायतीचा हेतूच असा असतो की, हुकूम कानावर पडताच विचाराआधी हात हलावा, आणि लढाईत त्यावाचून माणसे वाचत नाहीत. तरीही आपल्या १९५० च्या सैन्य अधिनियमाचे ४१ वे कलम वरिष्ठाचा ‘कायदेशीर’ हुकूम मोडण्यालाच गुन्हा म्हणते. म्हणजे हुकूम कायदेशीर आहे की नाही, हे पाहण्याचे ओझे कायद्यानेही शिपायाच्या डोक्यावरून पुरते उतरवलेले नाही. ‘निमूट आज्ञापालन’ हा शिस्तीचा अर्थ त्यामुळे मला अपुरा वाटतो.

आपल्या नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांनी गोळ्या झाडायचा हुकूम पाळला आणि शिरीषकुमार व त्याचे सोबती गेले. तिथे ‘आज्ञापालन झाले’ असे लिहिता येईल. ‘शिस्त पाळली’ लिहायला माझा हात धजावत नाही. गढवालींना लष्करी न्यायालयाने जन्मठेप दिली, तेव्हा त्यांनी ‘हुकूम मोडला’ असे खुशाल लिहावे. ‘शिस्त मोडली’ लिहायचेच असेल, तर ते न्यायालयाचे म्हणणे म्हणून अवतरणचिन्हांत ठेवावे.